पायल भेटली होती, सर

सर, तुमच्यासाठी माझ्याकडे एक निरोप होता. आठ महिने होता. तुम्ही गेलात त्याला आज पंधरा दिवस झाले. निरोप द्यायला वेळच मिळाला नाही, असं मी शाळेत कोणालाही सांगू शकते आणि कोणी खोदून विचारणारही नाही. पण तुमच्याशी मी चौदा वर्षं भांडले आहे. तुमच्यासमोर माझे बहाणे कधी टिकले नाहीत. निरोप एवढाच होता: पायल भेटली होती. ती तुमच्यामुळे शाळा सोडून गेली नव्हती.

हे ऐकायला तुमचा जीव किती आसुसला होता, ते माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तरी मी सांगितलं नाही. आता लिहायला बसले आहे.

अमरावतीहून बदली होऊन दर्यापूरच्या पुढच्या या गावात मी आले, तेव्हा स्वतःबद्दल माझा बराच मोठा समज होता. आधीच्या शाळेत मी तयार केलेल्या मुलांनी वक्तृत्वाच्या ढाली आणून अर्धं कपाट भरलं होतं. पहिल्याच शनिवारी तुम्ही मला मुलांच्या मागे, शेवटच्या रांगेपाशी भिंतीला टेकून उभं केलंत आणि म्हणालात, "आता सभा संपली म्हणेपर्यंत आपल्याले तोंड नाही, मॅडम."

मला वाटलं, गंमत करताय. पण ती तुमची शनिवारची सभा होती. पाचवी ते आठवीची लेकरं, आणि अध्यक्ष हजेरीच्या क्रमानं. हुशार, बोलका, कोणाचा मुलगा, कोणाची मुलगी, काही बघायचं नाही. नाव आलं की पुढच्या शनिवारी अध्यक्ष. त्यानं कागद न घेता उभं राहायचं आणि शाळेतली एक गोष्ट बदलायला सांगायची. बाकीच्यांनी हात वर करून हो किंवा नाही म्हणायचं. ठरलं ते सगळ्यांना लागू, मास्तरांनाही. आणि अध्यक्ष अडकला तर कोणी शब्द पुरवायचा नाही. थांबायचं.

पाचवीतल्या एका चिमुरडीनं ठरवलं होतं की खिचडी खाल्ल्यावर मास्तरांनीही आपापलं ताट घासावं. तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणाले, हा काय तमाशा. तुम्ही काही न बोलता ताट घेऊन नळावर गेलात. तुमच्यामागून मी गेले, मनातल्या मनात तुम्हाला शिव्या देत. ती पोरगी कमरेवर हात ठेवून आपल्या मागे उभी. तुम्हाला म्हणाली, "सर, खालून बी घासा." तुम्ही घासलंत. पुढे वर्षभर आपण सगळे ताटं घासत होतो, आणि ती पोरगी, जिचा आवाज हजेरीलासुद्धा ऐकू यायचा नाही, नळावर कोण आलं कोण नाही हे बघत फिरायची.

एवढं बघूनही मी तुमच्याशी भांडत राहिले. दर्यापूरहून शाळेपर्यंतच्या जीपमध्ये, दहा जणांच्या जागेत सोळा जण कोंबलेले असताना, आपला वाद ठरलेला. मी म्हणायचे, लेकरू सगळ्यांसमोर अडकलं की त्याचा अपमान होतो, एक शब्द सांगितला तर काय बिघडतं? तुम्ही म्हणायचात, "तुमी शब्द नाही सांगत मॅडम, त्याच्या तोंडातलं हिसकून घेता." मी म्हणायचे, आणि मुलं हसतात त्याचं काय? "हासतीन. मंग थकतीन. आपन थांबलो की तेही थांबतेत." जीपमधल्या बाया आपल्याकडे बघत बसायच्या. एकदा एका म्हातारीनं विचारलं, "कोनाच्या वाटनीचं भांडन होय हो हे?" तुम्ही म्हणालात, "लेकराईच्या." ती बिचारी हळहळली. तिला वाटलं, आपण नवराबायको आहोत आणि काडीमोड चाललाय. त्या दिवशी मी चिडून दुसऱ्या जीपनं परत आले होते. आता त्या जीपमध्ये मी तोंड मिटून बसते. मला बोलायला माणसं कमी होती, सर, आणि भांडायला तर तुम्ही एकटेच होतात. अमरावतीच्या घरी कुलूप उघडून मी आत जाते, तेव्हा बोलायला घड्याळसुद्धा नाही, ते मोबाइलमध्ये गेलं.

तुमच्या त्या थांबण्याचा फायदा मलाही झाला, हे कधी कबूल केलं नाही. माझ्याकडे मुख्याध्यापकाचा चार्ज आला त्या वर्षी सातवीच्या खोलीचं छत गळत होतं आणि पंचायत समितीच्या साहेबांपुढे जाऊन सांगायचं होतं. व्यासपीठावर मुलांची भाषणं बसवणारी मी, साहेबांच्या केबिनमध्ये माझी जीभ टाळूला चिकटली. तुम्ही शेजारच्या खुर्चीवर होतात. मी तुमच्याकडे बघितलं, म्हणजे तुम्ही बोला. तुम्ही पंख्याकडे बघत बसलात. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. तुम्ही पंखा. शेवटी मी जे बोलले ते बोलले, आवाज फाटला, पण पावसाळ्याआधी नवे पत्रे बसले. बाहेर येऊन मी तुम्हाला म्हटलं, तुम्ही माणूस आहात का दगड? तुम्ही म्हणालात, "चहा पाजा आता, मोठ्या मॅडम."

एवढं सगळं माझ्या पदरात होतं. तरीही मी तुमच्याशी तसं वागले.

पायल सातवीत होती. दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आधीचा शनिवार, हजेरीत तिचा नंबर. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मले आज सांगायचं हाये की..." आणि तिथेच थांबली. तुम्ही थांबलात. मीही, तुमच्या नियमानं, दात ओठ खात. तिचं तोंड उघडायचं, मिटायचं. मागची पोरं हसली, मग हसून थकली, तुम्ही म्हणायचात तसंच. सगळी शाळा गप्प झाली. पाखरांचा आवाज येत होता. मला वाटलं आता जाऊन तिचा हात धरावा. तेवढ्यात ती रडत पळाली, थेट मागच्या अंगाला. थोड्या वेळानं घरी गेली म्हणून कळलं. सुट्ट्या संपल्या, पायल आली नाही. आठवड्यानं तिचा मामा अकोल्याहून दाखला न्यायला आला. घाईत होता. कारण विचारलं तर म्हणाला, "पोट्टीचं मन नाही लागून राह्यलं इथं."

तो गेला आणि खोलीत आपण दोघंच उरलो. मी म्हटलं, "तुमच्या तत्त्वापायी एक पोरगी शाळा सोडून गेली, सर."  दाखल्याची स्थळप्रत, शाळेकडे राहणारी, तुमच्या हातात होती, ती फाइलला लावलीत, पुन्हा काढलीत, पुन्हा लावलीत. मला आनंद झाला होता, सर. वाईट वाटलं हेही खरं, पण आधी आनंद झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही गप्प बसला होतात, कारण तुमच्याकडे सांगायला काही नव्हतं.

तुम्ही तिच्या घरी जाऊन आलात, घराला कुलूप, बापाचाही पत्ता नाही. शेजारचे काही सांगेनात, आणि मामाचा पत्ता आपण घेतलाच नव्हता. पुढे मार्चमध्ये कोरोनात शाळाच बंद झाली आणि माग लागायची आशा संपली. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर तुम्ही मला म्हणालात, "शनवारची सभा तुमी पाहा आता." बस्स, एवढंच. आणि मी पाहिली. अध्यक्ष मी निवडायला लागले. भाषण मी लिहून द्यायला लागले. अडकलं की पहिल्या रांगेत बसून मी शब्द सांगायचे. लेकरं घडाघडा बोलायला लागली, तालुक्याला नंबर आणायला लागली, वर्तमानपत्रात फोटो आला. आता ताटं कोणी घासायची, हे कोणी ठरवत नव्हतं. हजेरीतली निम्मी नावं कधी उभीच राहिली नाहीत. तुम्ही मागच्या भिंतीला टेकून उभे राहायचात, एकटेच. तुम्ही एकदाही काही म्हणाला नाहीत. फक्त दर वर्षी शाळा उघडली की नवीन हजेरीपटावर नावं लिहिताना विचारायचात, "पायलचं काही समजलं काय, मॅडम?"

मागच्या मे महिन्यात भाचीच्या लग्नाची साडी घ्यायला मी अकोल्याला गेले. दुकानात गादीवर बसलेली एक पोरगी भसाभस साड्या उलगडत होती आणि तोंडाचा पट्टा चालू. "हा रंग पाहा, हा तुमच्या अंगाले उठून दिसते. तो नका घेऊ, एका धुण्यात जाते, मालकाले नका सांगू मी सांगतलं म्हणून." मी साडीकडे बघतेय, तर ती एकदम थांबली. "तुमी मॅडम ना?"

मी ओळखलं नाही. तिनं नाव सांगितलं तरी दोन क्षण लागले. सकाळी कॉलेज करते, दुपारून दुकानात.  मी म्हटलं, पायल, तू शाळा का सोडलीस? तिनं आधी मालकाकडे बघितलं, मग हातातल्या साडीच्या घड्या घालत सांगितलं. घरी बापाचा त्रास होता. आईनं दिवाळीत माहेरी निघून यायचं ठरवलं होतं, कायमचं. मुलीला बजावलं होतं की गावात कोणाला कळता कामा नये.

"तो माहा शेवटचा शनवार होता, मॅडम. मले मालूम होतं. मले तेच सांगायचं होतं सभेत, का मी आता येनार नाही. पन मायनं सांगतलं होतं, तोंड उघडू नको."

"म्हणून अडकलीस?"

"हो ना. आन सर थांबूनच होते. मले वाटलं सांगूनच टाकाव. तोंडात आलंच होतं. मंग रडू आलं, पळाली. टाकीच्या मागं जाऊन रडली. मंग बरं वाटलं." घडी घालून झाली. ती म्हणाली, "तेवढा वेळ कोनी थांबते काय, मॅडम? घरी तं अर्धं बोललं की बाप अंगावर याचा."

मी विचारलं, सरांचा राग आला होता का? तिला प्रश्नच कळला नाही. "राग कायचा?"

निघताना तिनं तुमचा नंबर मागितला. तो माझ्या मोबाइलमध्ये होता, सगळ्यात वर. मी म्हटलं, मीच सांगते सरांना. "नक्की सांगा," ती म्हणाली, "पायल भेटली होती म्हना." आणि मला नको असलेली एक जांभळी साडी तिनं माझ्या गळ्यात मारलीच.

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत मला खरंच आनंद होत होता. तुमचा चेहरा डोळ्यांपुढे येत होता. मूर्तिजापूरला बस बराच वेळ थांबली आणि तिथे माझ्या मनात आलं, की हे कळल्यावर सर शनिवारची सभा परत मागतील. मागणार नाहीत, नुसते माझ्याकडे बघतील. आणि मग पाच वर्षं मी जे केलं, ते लिहिलेले कागद, त्या ढाली, तो फोटो, त्याचं काय? पाच वर्षं मी जिंकले होते ते एका चुकीच्या गोष्टीवर. मी ठरवलं, सुट्टीत फोनवर कशाला, शाळा उघडल्यावर प्रत्यक्ष सांगू.

शाळा उघडली. हजेरीपट समोर, तुमचं ते सावकाश अक्षर. मान वर न करता तुम्ही विचारलंत, "पायलचं काही समजलं काय, मॅडम?"

मी म्हटलं, "नाही, सर."

तुम्ही हं म्हणालात आणि पुढचं नाव लिहिलंत. तुम्हाला मी एकदाच खोटं सांगितलं, ते हे. एकदा नाही म्हटल्यावर नंतर हो म्हणणं किती अवघड असतं, ते तुम्हाला काय सांगायचं. दर आठवड्याला वाटायचं आज सांगावं, आणि दर आठवड्याला आधी ते खोटं कबूल करावं लागणार हे आडवं यायचं. गणपती गेले, दिवाळी गेली. तुम्ही निवृत्त व्हाल त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगू, केवढी मोठी भेट होईल, असंही मी ठरवून ठेवलं होतं. स्वतःच्या लबाडीला भेट म्हणायला मला लाज वाटली नाही.

अमरावतीच्या दवाखान्यात तुम्हाला आणलं तेव्हा माझ्या घरापासून तुम्ही चालत पंधरा मिनिटांवर होतात. मी एकदाच आले. तुम्ही डोळे मिटून पडला होतात, भोवती तुमचे भाऊ, पुतणे. मी मोसंबी ठेवली आणि वहिनींना म्हटलं, उठले की सांगा मी येऊन गेले. उठेपर्यंत थांबले असते तर काय झालं असतं? पण थांबणं हे तुमचं काम होतं, माझं नाही.

शाळेत तुमची शोकसभा झाली. मी पाच मुलांना भाषणं लिहून दिली. आठवीतल्या एका मुलीनं मला आदल्या दिवशी विचारलं, "मॅडम, सराईबद्दल मनानं बोललं तं चालते काय?" मी म्हटलं, कागदावरचंच बोल, वेळ कमी आहे. ती बोलली, एक शब्द चुकली नाही. मीही बोलले. थोर शिक्षक, मुलांमध्ये आत्मविश्वास जागवणारे, वगैरे. माझा आवाज एकदाही फाटला नाही. सगळे म्हणाले, मॅडम फार छान बोलल्या. तुमची मागची भिंत मोकळी होती आणि मी तिकडे न बघता बोलत होते.

परवा तुमच्या तेरवीला दर्यापूरला आले. पंगती उठत होत्या. वहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावून घेतलं. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी चार वाक्यांवर कधी बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "मॅडम, हे पायल कोन होय?"

मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"दवाखान्यात दोनदा म्हनले, मॅडम आल्या की पायलचं इचारजो. तुमी आल्या तवा माह्या ध्यानातच नाही राह्यलं. तेच मले खाऊन राह्यलं हो. एवढंसं काम सांगतलं होतं त्याईनं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "म्हून आता इचारतो. समजलं काय तिचं?"

बघा सर, तुमची बायको स्वतःला दोष देत होती. मी म्हटलं, "समजलं होतं, वहिनी. मे महिन्यातच. चांगली आहे ती, अकोल्याला आहे. सरांमुळे नव्हती गेली."

 मग हळूच म्हणाल्या, "सांगाचं राहून गेलं असन तुमचं. कामाच्या घाईत."

त्यांनी मला वाट करून दिली होती. चांगली रुंद वाट. हो म्हटलं असतं तर त्यांनी माझा हात धरला असता, आम्ही दोघी रडलो असतो.

"राहून नाही गेलं," मी म्हटलं. "त्यांनी विचारलं होतं. मी नाही म्हणून सांगितलं."

काहून केलं असं, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्या उठल्या आणि आत गेल्या. मी त्या खोलीत किती वेळ बसले कोणास ठाऊक. बाहेर शेवटची पंगत बसली. नंतर त्या दारात आल्या, आत आल्या नाहीत, आणि म्हणाल्या, "ताट वाढलं हाये. जेवून जा." मी जेवले, सर. तुमच्या घरचं होतं ते सगळं जेवले. त्या वाढायला आल्या नाहीत.

उद्या रविवार. सकाळच्या बसनं अकोल्याला जाणार आहे. पायलला अजून कोणी सांगितलेलं नाही, तिला सांगणारं माझ्याशिवाय कोणी नाही. तुम्ही गेलात हे ऐकून ती रडेल, ते मी बघू शकेन. त्यानंतर ती विचारेल, "पन मी भेटली होती ते सराईले सांगतलं होतं ना, मॅडम?" तिथे मला नाही म्हणायचं आहे.